तळ्याकाठच्या खानावळीची तपासणी

३ मार्च, रविवार

नवी वही आहे, म्हणून पद्धतीप्रमाणे आधी नोंद. घरात माणसं दोन. एक मी, वय एकाहत्तर, शिक्षण सातवी, अन्न तपासणी कार्यालयातून शिपाई म्हणून निवृत्त. दुसरी माझी धाकटी बहीण, वय त्रेसष्ट, शाळेत शिवण शिकवायची. लग्न तिने केलं नाही, माझं राहून गेलं. आई गेल्यापासून घर तीच बघते. चहाची गाळणी कुठल्या खणात असते ते मला अजून ठाऊक नाही. हे मी बाहेर कुठे बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, काळजी करायची नाही, आठवड्यातून एकदा घराबाहेर पडा, हिरवं काहीतरी बघा. काळजी करू नका, हे सांगताना त्यांनी चेहरा असा केला की मला घरी येईपर्यंत घाम फुटला.

धाकटीने लगेच गाडी ठरवली. ड्रायव्हर तिच्या ओळखीचा निघाला. आज पहिली सहल. टेकडीवरून दरी दिसते म्हणे. दिसली. दरी म्हणजे जिथे काहीच नाही अशी जागा, आणि ती बघायला लोक सहकुटुंब येतात. कठडा माझ्या कमरेएवढाही नव्हता. एक बाई त्याला टेकून फोटो काढून घेत होती. मी ओरडलो, "बाई, मागे सरका!" तिचा नवरा म्हणाला, "काका, मागे दरी आहे." चांगलं सांगायला जावं तर हे असं.

जेवायला रस्त्यावरच्या एका हॉटेलात थांबलो. मी आधी बेसिन पाहिलं, मग टॉवेल, मग स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावलो. अडतीस वर्षं साहेबांच्या मागे नमुन्यांची पेटी घेऊन हिंडलोय. साहेब नमुना घ्यायचे, त्याचे तीन सारखे भाग तीन बाटल्यांत भरायचे, बाटल्यांना लाखेचं सील. सही साहेबांची, पण लाख मी वितळवायचो. सील नीट बसलं नाही तर कोर्टात खटला उभा राहत नाही.

वेटर म्हणाला, "काका, संडास त्या बाजूला."

मी धाकटीला म्हटलं, "एके काळी मला बघून मालक गल्ल्यावरून उठून उभे राहायचे."

"ते साहेबांना बघून उठायचे, दादा. खा, गार होतंय."

पुढच्या वेळेपासून बाटल्या बरोबर न्यायच्या असं ठरवलं आहे.

१० मार्च, रविवार

धबधबा पाहिला. पाणी नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पाणी असतं तेव्हा बघण्यासारखा असतो." मी म्हटलं, "मग तेव्हा आणायचं." नुसता ओला दगड बघायला मी दोन तास गाडीत कंबर मोडून घेतली.

जेवायला एका तळ्याच्या काठी. पत्र्याचं छप्पर, सहा टेबलं, समोर पाणी, वर माडी. मालक साठीच्या पुढचा, स्वतःच स्वयंपाक करतो, आधी जहाजावर आचारी होता. मिशा एवढ्या मोठ्या की त्यांनाही टोपी घालायला लावली पाहिजे. मी त्याचं नाव मिशाळ ठेवलं.

धाकटी हात धुवायला म्हणून आत गेली ती पंचवीस मिनिटांनी आली. घड्याळ लावून सांगतो. एवढे हात धुवायला काय कोळसा उचलला होता? परत आली तर कोपराला पीठ. बेसिनपाशी पीठ! लगेच नोंद केली : बेसिनपाशी अस्वच्छता.

सूप आलं. मी नियमाप्रमाणे तीन बाटल्या भरल्या, खिशातली लाख काढली आणि मेणबत्ती पेटवली. शेजारच्या टेबलावरच्या पोरीला वाटलं, कुणाचा वाढदिवस आहे. तिने टाळ्या वाजवल्या.

मिशाळला म्हटलं, "मालकाची सही लागते."

त्याने एप्रनला हात पुसून सही केली. "साहेब, नमुना कमी पडला तर सांगा, पातेलंच बांधून देतो."

पंच म्हणून धाकटीकडून सही घेतली. सही करताना ती खाली मान घालून हसत होती. माझ्या कामाचा तिला अभिमान आहे, दाखवत नाही एवढंच.

मिशाळ मला 'साहेब' म्हणाला. माणूस पारखी दिसतो. म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय.

१३ मार्च, बुधवार

"दादा, फ्रीजमध्ये दुधाला जागा नाही."

"नमुने आहेत ते."

"कुणासाठी?"

नियम असा की एक भाग प्रयोगशाळेला, एक कार्यालयाला, एक मालकाला. मला प्रयोगशाळा नाही, कार्यालय नाही. मी म्हटलं, "पुरावा असलेला बरा." ती म्हणाली, "सूप खराब झालं की आपोआपच पुरावा होईल." आणि दूध खिडकीत ठेवून शिवणाच्या वर्गाला गेली. शाळा सुटून पाच वर्षं झाली तरी हिचे वर्ग संपत नाहीत. हल्ली तर आठवड्यातून चार दिवस. एवढं कोण शिवतं देव जाणे. दूध नासलं.

१७ मार्च, रविवार

आज जुना पूल बघायचं ठरलं होतं. तो मी निवडला होता, कारण पुलाला कठडा असतो. ड्रायव्हरने गाडी पुन्हा तळ्याकडे घातली.

"पूल?"

"रस्त्याचं काम चालू आहे, काका."

"कोण म्हणालं?"

"मला काय, सांगतील तिकडे स्टिअरिंग."

"कोण सांगतं?"

त्याने आरशातून मागे धाकटीकडे पाहिलं. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. मी मनाशी हिशेब बसवला : ड्रायव्हरला मिशाळकडून कमिशन मिळतं. गिऱ्हाईक आणून घालायचं, आपलं जेवण फुकट. तो तिथे पोचल्यावर सरळ आत जाऊन जेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. धाकटीला म्हटलं तर म्हणाली, "तू खरंच फार बारीक बघतोस, दादा." मी म्हटलं, "अडतीस वर्षं."

तळं मागच्या खेपेसारखंच होतं. पाणी, पाणी, मग झाडं. लोक फोटो काढत होते. तळं कुठे पळून जाणार होतं का?

२४ मार्च, रविवार

मोठी गोष्ट घडली. कांद्याचं सूप घेतलं. दुसऱ्या चमच्याला माझा हात थांबला. शेवटी वरून करपवलेला लसूण. हे आमच्या घरचं सूप! लसूण करपवून वरून घालायची युक्ती आईची, आईकडून धाकटीकडे आली, बाहेर कुणाला ठाऊक नाही.

मिशाळला बोलावलं. "हे सूप कुणी केलं?"

"हातांनी."

"कुणाच्या?"

"स्वच्छ हातांच्या, साहेब. तुम्हीच म्हणता ना, हात महत्त्वाचे."

"चव चोरीची आहे."

त्याच्या मिशा हलल्या. "मग चांगली आहे म्हणा की. वाईट चव कोण चोरतो?"

धाकटी नेहमीप्रमाणे हात धुवायला गेलेली. ती आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती लाल झाली. म्हणाली, "तुला आवडलं का ते सांग आधी."

मी म्हटलं, "घरचं जास्त चांगलं असतं."

"घरी तू कधी असं म्हणाला नाहीस."

"घरी म्हणायची काय गरज?"

परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. हिला गाडी लागते बहुतेक.

२६ मार्च, मंगळवार

धाकटीला मुद्दाम कांद्याचं सूप करायला लावलं. एका वाटीत घरचं, एका वाटीत रविवारचा नमुना. डोळे मिटून दोन्हीची चव घेतली. फरक एवढाच की नमुना आंबला होता. बाकी मीठ, लसूण, जाडी सगळं सारखं. तेव्हापासून पोट बिघडलं आहे, पण शंका फिटली.

चोरी कशी होत असेल? धाकटी वर्गाला डबा नेते. ड्रायव्हर तिला सोडायला जातो. डब्यातलं चमचाभर काढून मिशाळकडे पोचवणं काय कठीण आहे? जहाजावर काम केलेली माणसं जिभेवरून कृती ओळखतात.

३१ मार्च, रविवार

माझं पोट ठीक नाही म्हणून सहल नाही. दुपारी धाकटी समोर येऊन बसली.

"दादा, समजा मी आठ दिवस नसले तर?"

"कुठे नसलीस?"

"समजा."

"समजा कशाला? आहेस ना."

"आणि आठ दिवसांहून जास्त?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी मला काळजी करायला मनाई केली आहे." ती उठली आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "ही गाळणी. हा साखरेचा डबा. गॅस असा, आधी काडी, मग बटण." मी बटण आधी फिरवलं. तिने कपाळाला हात लावला.

ती आत जाऊन आडवी झाल्यावर तिचा औषधांचा खण तपासला. कॅल्शियमच्या गोळ्या, दुसरं काही नाही. पण असले आजार खणात ठेवत नाहीत. तिला काही झालं तर माझं काय? हा विचार आधी आला आणि तिचं काय होईल हा नंतर. वही माझी आहे म्हणून खरं लिहितो.

२ एप्रिल, मंगळवार

धाकटी पडदे शिवते आहे, निळे, पांढऱ्या रेघांचे. मी टेप घेऊन मोजले. आमच्या खिडक्या चार फूट रुंद, पडदे जेमतेम अडीच फुटांचे. पस्तीस वर्षं पोरींना मापं शिकवली आणि स्वतःचं माप चुकलं!

मी सांभाळून म्हटलं, "माप चुकलंय गं."

"नाही चुकलं."

"खिडकी मोठी आहे."

"ही मोठी आहे," ती म्हणाली आणि मशीन चालवत राहिली. गुणगुणत होती. अख्ख्या आयुष्यात मी हिला गुणगुणताना ऐकलं नाही. डोक्याचं दुखणं असंच सुरू होतं, माप चुकतं आणि माणूस गाऊ लागतो.

५ एप्रिल, शुक्रवार

नीट विचार केला. तळ्याकडे जायला लागल्यापासून ही बदलली. तिथलं पाणी असेल, तिथलं अन्न असेल. ते दुकान बंद पडलं तर ही पहिल्यासारखी होईल, माझ्या जिवाचा घोर जाईल. आमच्या जुन्या कार्यालयाला अर्ज लिहिला. चार मुद्दे टाकले. बेसिनपाशी पीठ. मालकाच्या मिशा मोकळ्या. ड्रायव्हरशी संगनमत. आणि आमच्या घरच्या चवीची चोरी. खाली सही केली आणि 'माजी कर्मचारी' असं लिहिलं. शिपाई लिहिलं नाही, कागदावर जागा कमी होती.

पोस्टात टाकून आलो. धाकटीने विचारलं, "कुठे गेला होतास?" म्हटलं, "हिरवं बघायला."

९ एप्रिल, मंगळवार

आज काय काय झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी कार्यालयातून फोन, तपासणी आज अकराला. धाकटी वर्गाला गेली होती. मी बसने गेलो. बसमधून दोन तास डोंगर दिसत होते, एकही पाहिला नाही.

निरीक्षक म्हणजे पस्तिशीची बाई, बूट घातलेली, बरोबर शिपाई नाही, पेटी स्वतः उचललेली. कार्यालयाचं काय झालंय! मी पुढे होऊन म्हटलं, "पेटी द्या, मी धरतो."

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

मी तिच्या मागोमाग आत शिरलो. स्वयंपाकघर बघून आधी मला वाईटच वाटलं. लखलखीत होतं. पातेली झाकलेली, फरशी कोरडी. ओट्यापाशी मिशाळ, मिशांवर जाळी बांधलेली. आणि त्याच्या शेजारी, डोक्याला टोपी, अंगात एप्रन, कोपरापर्यंत पीठ, धाकटी.

मी म्हटलं, "तू वर्गात आहेस ना?"

तिच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

बाईंनी परवाना मागितला. मिशाळने भिंतीवरची चौकट काढून दिली. बाईंनी मोठ्याने वाचलं. मालक दोन. एक मिशाळचं नाव. दुसरं नाव आमच्या आईने ठेवलेलं, मी आयुष्यात कधी न हाक मारलेलं, धाकटीचं.

"तक्रार आहे," बाई म्हणाल्या आणि माझा अर्ज उघडला. मी सांगणार होतो की मनात वाचा. त्यांनी चारही मुद्दे मोठ्याने वाचले. 'घरच्या चवीची चोरी' पाशी थांबल्या. "हे कुठल्या कलमाखाली बसवू?"

मग मिशाळ म्हणाला, "पिठाबद्दल खरं आहे, मॅडम. भागीदार हात धुताना घाई करतात. बाहेर भाऊ घड्याळ लावून बसलेले असतात."

बाईंनी सगळं तपासलं. पाणी, फ्रीज, तेल. दोष एकच निघाला आणि त्यांनी तो लिहिला. मी उलट्या बाजूने वाचला : तपासणीच्या वेळी स्वयंपाकघरात डोकं न झाकलेली बाहेरची एक व्यक्ती आढळली.

धाकटीने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

१० एप्रिल, बुधवार

आज बोलली.

"मागच्या हिवाळ्यापासून आहे भागीदारी. शाळेचा फंड घातला त्यात. तुझ्याशी बोलायला धीर होईना."

"मी काय वाघ आहे?"

"वाघ बरा. वाघ जेवताना शेरे मारत नाही."

मी म्हटलं, "लग्न करणार आहेस का त्या मिशाळशी?"

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "नाही रे बाबा! एका पुरुषाला जन्मभर जेवू घातलं, तेवढं पुरे. त्याला मासे जमतात, मला बाकीचं. तो खाली गावात राहतो, मी माडीवर. अडीच फुटांच्या खिडक्या आहेत तिथे."

"मग मला दर रविवारी तिथे कशाला नेत होतीस?"

"तुला जागा आवडावी म्हणून. म्हटलं बसेल, तळं बघेल, चार लोक बोटं चाटतात ते बघेल, मग सांगेन. तू बाटल्या घेऊन आलास."

"मी तुझ्या काळजीने..."

"दादा, ती जागा बंद पडली असती तर माझं सगळं गेलं असतं. तू अर्ज टाकलास तेव्हा काय विचार केला होतास?"

मी विचार केला होता की ती घरी राहील. हे तोंडातून निघालं नाही. म्हणालो, "मी सुपाला वाईट म्हटलं नव्हतं."

"चांगलंही नाही."

"माडीवर दुसरी खोली आहे का?"

"आहे. त्यात पिठाची पोती ठेवलीत." मग म्हणाली, "तू ये. दर रविवारी ये. पण गिऱ्हाईक म्हणून. पुढच्या दाराने."

१४ एप्रिल, रविवार

गेली. शिवणाचं मशीन ड्रायव्हरने आणि मी मिळून गाडीत चढवलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्हाला कधी यायचं असलं तर सांगा." मी म्हटलं, "कमिशन मिळतं का?" तो म्हणाला, "आता घेईन."

फ्रीज तिने जाताना धुऊन ठेवला आहे. नमुने एकही नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

चहा जमतो. भात खालून लागतो, वरून कच्चा राहतो. दोन्हीच्या मधला एक थर चांगला होतो, तो खातो. पहिल्या दिवशी ताटावर बसून सवयीने म्हटलं, "मीठ जास्त झालंय." उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं आणि मीठ मीच घातलं होतं.

डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब उतरलाय म्हणे. यंत्र बिघडलं असणार.

२१ एप्रिल, रविवार

बसने गेलो. पुढच्या दाराने शिरलो. बाटल्या नेल्या नाहीत. बेसिन पाहिलं नाही, म्हणजे हात धुताना जेवढं दिसलं तेवढंच.

सहाही टेबलं भरलेली. एक रिकामं होईपर्यंत बाहेर बाकावर बसावं लागलं. समोर तळं. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती, म्हणून पाहिलं.

टेबल मिळाल्यावर धाकटी आली. एप्रनच्या खिशात वही, कानावर पेन्सिल. गिऱ्हाइकांशी बोलते तसंच बोलली. "काय घेणार?"

आणि मला सांगता येईना. ताट समोर यायचं आणि मी त्यातलं काय चुकलं ते सांगायचो, एवढंच मला येतं. मला काय हवं असतं, हे मलाच ठाऊक नाही.

ती पेन्सिल धरून उभी. "दादा, लोक खोळंबलेत रे."

मी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "त्यांनी घेतलंय ते."

तिच्या भुवया वर गेल्या, पण लिहून घेतलं. दहा मिनिटांनी ताट आलं. भाजलेलं वांगं, वर तेल आणि तिखट. वांग्याने माझ्या अंगाला खाज सुटते, म्हणून आमच्या घरात चाळीस वर्षं वांगं शिजलेलं नाही. तिला ते फार आवडतं, हेही मला तेव्हाच आठवलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मिशाळही तिच्या खांद्यावरून बघत होता. मी सगळं खाल्लं. सालसुद्धा.

घरी आल्यावर दिवा लावून हात, मान, पोट सगळं तपासलं. झोपायची वेळ होईपर्यंत वाट पाहिली. खाज सुटली नाही.